न पाहिलेल्या घंट्या

माझी आई तशी खोटं बोलणाऱ्यांतली नाही. पण गेली चौदा वर्षं एक थाप ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना न चुकता मारत आली आहे: "मुलगी पाणी खात्यात आहे." पाणी खात्यात म्हणजे नक्की कुठे, असं कोणी खोदून विचारलंच, तर तिला एकदम गॅसवर ठेवलेलं दूध आठवतं.

खरं म्हणजे मी सांडपाण्याच्या प्लांटवर काम करते. लोक भांडी घासतात, आंघोळी करतात, संडासात पाणी ओततात आणि विसरून जातात. ते सगळं आमच्या दारात येतं आणि स्वच्छ होऊन नदीत जातं. स्वच्छ आम्ही करत नाही, जंतू करतात. आमच्या मोठ्या टाकीत त्यांची अख्खी वस्ती आहे, मोजता येणार नाही एवढी. त्यांना खायला काय, ते गाव पुरवतंच. आमचं काम एवढंच की खालून ब्लोअरने हवा सोडत राहायची, त्यांचा जीव सांभाळायचा आणि उगाच लुडबुड करायची नाही.

आईला या नोकरीची लाज वाटायची, मला कधीच वाटली नाही. उलट कोणी नाक मुरडलं की मला चेव यायचा. एका लग्नात पंगतीत शेजारी बसलेल्या बाईंनी, "तुम्हाला किळस नाही येत?" असं विचारलं, तेव्हा मी त्यांना आमच्या टाकीतल्या घंट्यांचं, म्हणजे घंटीसारख्या दिसणाऱ्या जंतूंचं, असं काही रसभरीत वर्णन करून सांगितलं की बाई अर्ध्या जेवणावरून उठल्या. आई आठवडाभर माझ्याशी बोलली नाही. मी मात्र खूश होते. कामाच्या बाबतीत मी नाकावर माशी बसू देत नसे.

म्हणून जे झालं ते सांगताना मला जड जातंय. पण सांगायला हवं.

आमच्याकडे एक काका आहेत. टाकीवरचे ऑपरेटर, एकतीस वर्षं नोकरी, निवृत्तीला चार महिने राहिलेले. सगळा प्लांट त्यांना नाकवाले काका म्हणतो. प्लांट सुरू झाला तेव्हा दुसऱ्या गावच्या टाकीतला जंतूंनी भरलेला गाळ दुधाच्या कॅनमधून आणून आमच्या टाकीत त्यांनीच ओतला होता, दुधाला विरजण लावावं तसा. रोज सकाळी आल्या आल्या ते दोरी बांधलेला प्लॅस्टिकचा मग टाकीत सोडतात, वर ओढतात, डोळे मिटून हुंगतात. टाकीची तब्येत ठणठणीत असेल तर त्या गढूळ पाण्याला ओल्या मातीचा वास येतो. ऐकणाऱ्याला खरं वाटत नाही, पण येतो.

मी प्लांटच्या प्रयोगशाळेत आहे. प्रयोगशाळा म्हणजे खिडकीजवळचं एक टेबल, एक सिंक, काचसामानाचं कपाट आणि मायक्रोस्कोप. रोज सकाळी टाकीतला एक थेंब काचेवर घ्यायचा आणि वस्तीत कोण कोण आहे ते बघून रजिस्टरमध्ये लिहायचं. शेपटीवाले जंतू फार दिसले तर टाकी कच्ची. देठावरच्या घंट्या दिसल्या तर टाकी छान. घंटी म्हणजे एका पेशीचा जीव. देठाने गाळाला चिकटून बसतो, तोंडाभोवतीचे केस फिरवून पाण्यातलं बारीकसारीक ओढून खातो. जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आखडतो, आणि कोणी नाही असं बघून हळूच पुन्हा सरळ होतो. दोरे असतात, ते वेगळे, दोऱ्यासारखे लांबलचक जंतू. थोडे असले तर गाळाला धरून ठेवतात. हवा कमी पडली की मात्र ते माजतात, गाळ कापसासारखा फुगतो आणि तळाला बसायचं नाव घेत नाही.

काकांचा आणि माझा एक खेळ होता. अकरा वर्षं चाललेला. आधी नाक, मग डोळा. ते मग हुंगून सांगायचे, "आज घंट्या जरा कमी असतील बघ," आणि मी काचेवर बघून सांगायचे की बरोबर की चूक. बहुतेक वेळा बरोबरच असायचं. जुळलं की चहा माझ्याकडून, नाही जुळलं की त्यांच्याकडून. अकरा वर्षांत मला त्यांचा चहा फार कमी वेळा मिळाला.

मग एका गुरुवारी साहेबांनी मला बोलावलं. साहेब आमच्याकडे रस्ते खात्यातून आले होते. माणूस वाईट नाही, पण त्यांना डांबरातलं सगळं कळतं आणि गाळातलं काही कळत नाही. ते म्हणाले, "मॅडम, महिन्याच्या शेवटच्या सोमवारी वरचे साहेब येणार. शाळेची मुलंही बोलावू. दारात मोठा फलक लावायचा, आपले अदृश्य कामगार. चित्रं तुम्हीच काढा. तुमच्याशिवाय कोणाला जमणार?"

मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. लहानपणी मला चित्रकार व्हायचं होतं, ते राहून गेलेलं. आता एकदम बारा फुटांचा फलक, रंग, ब्रश, आणि खाली माझं नाव. घरी येऊन सांगितलं तर आईचा चेहराच उजळला. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिने विचारलं, "मला बघायला येता येईल का गं?"

शुक्रवारी सकाळी हवेचं मीटर तपासायचा दिवस होता. पाण्यात विरघळलेली हवा मोजणारं हे मीटर. त्याची दांडी टाकीत बुडालेली असते आणि तिच्या टोकाला एक पातळ पडदा असतो. तो मधूनमधून बदलायचा. ते काम माझंच. पडदा बसवताना आत हवेचा बुडबुडा राहता कामा नये, नाहीतर मीटर जास्तीचा आकडा दाखवतं. म्हणून बसवल्यावर दांडी उजेडाकडे धरून बघायची असते. मी बघितली नाही. रंगाचे डबे यायचे होते.

आणि त्याच दिवशी मी काचेवर थेंबही घेतला नाही. फलकाचं कच्चं रेखाटन टेबलभर पसरलं होतं, मायक्रोस्कोप खाली ठेवला होता. रजिस्टर उघडलं आणि गुरुवारची ओळ खाली उतरवली: घंट्या भरपूर, दोरे तुरळक. अर्ध्या तासात गाळ किती खाली बसतो ती सिलिंडरची चाचणी, तिचा आकडाही तोच. एक दिवस काय होतंय, टाकी काही पळून जात नाही, असं मी स्वतःला सांगितलं.

त्या शुक्रवारपासून पुढच्या शनिवारपर्यंत मी तेच केलं. रविवार सोडून आठ दिवस. घंट्या भरपूर, दोरे तुरळक. एकीकडे मी फलकावर घंट्या रंगवत होते, देठाचं एकेक वेटोळं, तोंडाभोवतीचा एकेक केस, आणि खऱ्या घंट्या पन्नास पावलांवर होत्या, त्यांच्याकडे मी एकदाही बघितलं नाही. हे लिहितानाही माझे कान तापतात.

मीटर दोनच्या वर दाखवत होतं. दोनच्या वर गेलं की एक ब्लोअर बंद करायचा, असा नियमच आहे, खोलीत भिंतीवर रंगवून ठेवलाय. काकांनी नियमाप्रमाणे एक बंद केला. पण सोमवारी ते मग घेऊन माझ्या दारात आले.

"पोरी, मातीचा वास येत नाहीये. काहीतरी कुबट येतंय."

"मीटर दोनच्या वर आहे ना काका? मग झालं तर."

"मीटर आहे गं. पण काचेवर कसं दिसतंय?"

मी ब्रश पाण्यात बुडवला. "मस्त दिसतंय. घंट्या भरपूर."

ते जरा घुटमळले. "नक्की ना?"

"नक्की. तुम्हाला सर्दी झाली असेल काका. वाफ घ्या."

मी हसले, तेही हसले. मला वाटतं त्यांनी त्या दिवशी मला चहा पाजला, कारण त्यांच्या हिशेबाने ते हरले होते. बुधवारी ते पुन्हा आले, शुक्रवारी पुन्हा आले. शुक्रवारी दारातच थांबले, आत आले नाहीत. "ठीक आहे ना?" एवढंच विचारलं. मी मान न वळवता "हो" म्हटलं.

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी मी फाटकातून आत आले आणि मला पाण्याचा आवाज वेगळा वाटला. मोठ्या टाकीतलं पाणी पुढे जिथे निवळतं, ती टाकी काठोकाठ तपकिरी झाली होती. गाळ तळाला बसलाच नव्हता. दुलईसारखा वर आला होता आणि कडेवरून सरळ नदीकडे वाहत होता. एकतीस वर्षं जपलेली वस्ती नदीत चालली होती. आदल्या दिवशी, रविवारी, पाळीवर काका एकटेच होते आणि ते घरी गेले नव्हते. हातात फावडं घेऊन कडेला उभे होते, काय करावं हे न सुचून.

मी धावत टेबलापाशी गेले. अकरा दिवसांत पहिल्यांदा काचेवर थेंब घेतला. कंगव्यात केस गुंतावेत तसे नुसते दोरेच दोरे. घंटी एक नाही. सगळी काच सरकवून बघितली, चार थेंब बघितले. एक नाही.

मग मी मीटरची दांडी बाहेर काढली आणि उजेडाकडे धरली. पडद्याखाली मोहरीएवढा बुडबुडा होता. स्पष्ट दिसत होता. कोणालाही दिसला असता.

मी काय केलं ते सांगते. इकडेतिकडे बघितलं, कपाटातून नवा पडदा काढला, नीट बसवला, जुना चुरगाळून पर्समध्ये टाकला. दांडी परत टाकीत सोडली. मीटरने आकडा दाखवला: शून्य दशांश चार. टाकी दहा दिवस गुदमरत होती. साहेब धापा टाकत आले आणि त्यांनी पहिला प्रश्न मलाच विचारला, "मीटर बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," मी म्हटलं. त्या घडीला ते खरंच बरोबर होतं.

दुसऱ्या दिवशी तपकिरी नदीचा फोटो पेपरात आला. वरून फोनवर फोन. वरच्यांना कोणाच्या तरी नावाने खापर फोडायला हवंच होतं. बुधवारी साहेबांच्या खोलीत चौकशी बसली. साहेब, एक कारकून, काका आणि मी. साहेबांनी माझं रजिस्टर पुढे ओढलं, बोट ठेवून वाचलं. "शनिवारपर्यंत घंट्या भरपूर, दोरे तुरळक. म्हणजे शनिवारपर्यंत सगळं उत्तम. म्हणजे जे काही झालं ते रविवारी झालं. आणि रविवारी तुम्ही एकटे होतात."

काका म्हणाले, "साहेब, मीटर दोनच्या वर होतं म्हणून एकच ब्लोअर बंद होता. बाकी सुरू होते."

"मीटर बरोबर आहे, मॅडमनी तपासलंय. सोमवारी शून्य दशांश चार होतं. सगळे ब्लोअर बंद करून झोपला असाल."

ब्लोअर किती तास चालले ते दाखवणारं घड्याळ आमच्याकडे आहे, पण ते कित्येक वर्षं बंद पडलेलं. दाखला म्हणून होतं फक्त माझं रजिस्टर. आणि एका दिवसात दोरे एवढे माजत नाहीत, त्याला आठवडा तरी लागतो, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. मी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिले.

काका माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पोरी, शनिवारी काचेवर ठीकच होतं ना? तू बघितलंस ना?"

"हो," मी म्हटलं.

ते म्हणाले, "मग माझंच काहीतरी चुकलं असणार." आणि साहेबांनी पुढे केलेल्या कागदावर त्यांनी सही केली.

मला वाटलं, त्यांना सगळं कळलंय. ते मला पाठीशी घालतायत. या विचाराने मला आणखी लाज वाटली, पण खरं सांगते, थोडं बरंही वाटलं. माणूस किती खालच्या थराला जातो.

त्यांना टाकीवरून काढून जाळीवर पाठवलं. जाळी म्हणजे प्लांटच्या अगदी तोंडाशी, जिथे गावातून आलेल्या चिंध्या, पिशव्या आणि काय काय अडकतं, ते दाताळ्याने ओढून काढायचं. अहवाल साहेबांनी टाईप करून ठेवला होता: कामावर झोप, हलगर्जीपणा, नोकरीतून कमी करावं. सोमवारी वरचे साहेब फलक बघायला यायचे होते, तेव्हा त्यांच्या हातात तो द्यायचा होता. एकतीस वर्षं सेवा, चार महिने राहिलेले, आणि माणूस झोपाळू म्हणून घरी जाणार.

फलकाचं काम थांबलं नाही. साहेब म्हणाले, "आता तर हवाच. चार चांगल्या गोष्टी दिसल्या पाहिजेत." मी रंगवत राहिले. घरी आईने माझे ठेवणीतले कपडे काढून इस्त्री केले. ती शिवणकाम करते. स्वतःसाठी तिने नवं काही शिवायला घेतलं होतं. मशीन चालवता चालवता म्हणाली, "त्या नाकवाल्या काकांनाही बोलाव हं. त्यांनीच तुला शिकवलं ना सगळं?"

मी जेवणाच्या ताटावर नुसती बसून होते. "बोलावते," म्हटलं.

शनिवारी मी जाळीपाशी गेले. कबूल करायला नव्हे, एवढं धैर्य कुठलं. त्यांना सोमवारी या म्हणून सांगायला. तेवढंच केलं तर मन हलकं होईल, असली काहीतरी भिकार आशा होती.

काका दाताळं भिंतीला टेकवून उकिडवे बसले होते. हातात साबणाचा तुकडा होता, ते तो हुंगत होते. मला बघून ओशाळले आणि खिशात ठेवायला लागले. खिशातून कांद्याचं साल पडलं, एक लवंग पडली.

"हे काय काका?"

"काही नाही गं. सराव." ते हसले. "तुझी काकू सकाळी माझे डोळे बांधते आणि एकेक वस्तू नाकाशी धरते. दहातल्या नऊ ओळखतो. कधी आठ. डॉक्टरकडे जाऊन आलो. तो म्हणतो नाक ठीक आहे, पण वय झालं की होतं असं, कळतही नाही."

मी खाली पडलेली लवंग उचलून त्यांच्या हातात दिली.

"तू तेव्हाच सांगितलंस, सर्दी झाली असेल म्हणून," ते म्हणाले. "मी तेव्हाच समजायला हवं होतं. तुझ्या काचेवर सगळं झकास आणि माझ्या नाकाला कुबट. मग मीच म्हटलं, आता आपल्या नाकाचं ऐकायचं नाही. रविवारी तर एवढा वास सुटला होता पोरी, एवढा, की मळमळलं मला. पण मी म्हटलं, हे आपलं नाकच बिघडलंय. सगळे ब्लोअर लावावेत असं वाटत होतं, लावले नाहीत. मीटर बरोबर, काच बरोबर, मग चुकणारा मीच. म्हणून सही केली." त्यांनी साबण पुन्हा नाकाशी नेला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझी काही चूक नाही यात."

ते मला पाठीशी घालत नव्हते. त्यांना काहीच कळलेलं नव्हतं. त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला होता, स्वतःच्या नाकापेक्षा जास्त.

"काका, मी बघितलंच नाही," मी म्हटलं.

"काय?"

"काचेवर. मी बघितलंच नाही. आदल्या दिवशीचं उतरवत होते. आणि मीटरच्या पडद्यात बुडबुडा होता, तो मीच बसवलेला. सोमवारी गुपचूप बदलला."

जाळीवर पाणी आपटत होतं. त्यांनी साबण खाली ठेवला.

"किती दिवस?"

"आठ."

"आठही दिवस?"

"हो."

"म्हणजे तेव्हा टाकीला खरंच वास येत होता?"

"येत होता काका. तुमचं नाक ठीक होतं."

मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी हात उगारला असता तरी मी तिथून हलले नसते. त्यांनी नुसता चेहरा फिरवला. माझ्याकडे न बघता म्हणाले, "न बघता लिहिलंस, ते जाऊ दे. पण मी तुला विचारत होतो ना गं. मी पुन्हापुन्हा येऊन तुला विचारत होतो."

मी शरमेने मेल्याहून मेल्यासारखी झाले. सोमवारचं आमंत्रण द्यायला आले होते, ते घशातच राहिलं.

तिथून मी थेट साहेबांच्या खोलीत गेले. सगळं सांगितलं. साहेबांनी आधी दार लावून घेतलं. "मॅडम, परवा कार्यक्रम आहे. रजिस्टर सरकारी कागद आहे. ते खोटं निघालं तर मागची सगळी वर्षं खोटी ठरतील. म्हाताऱ्याचं मी बघतो, शब्द थोडे मऊ करतो. तुम्ही गप्प बसा."

गप्प बसा म्हणणारा माणूस समोर असला की गप्प बसणं किती सोपं असतं ते मला तेव्हा कळलं. मला ते हवंहवंसं वाटलं. मी रजिस्टर ओढून घेतलं, त्यांच्याच टेबलावरचं लाल पेन घेतलं आणि आठही ओळींवर आडवं लिहिलं: पाहिले नाही. पाहिले नाही. पाहिले नाही. प्रत्येक ओळीखाली सही आणि त्या शनिवारची तारीख. साहेब "अहो, अहो" करत होते, पण लाल शाई पुसता येत नाही. पर्समधला चुरगाळलेला पडदा काढून मी रजिस्टरवर ठेवला.

घरी आईला सांगितलं, तेव्हा तिने मशीन थांबवलं. म्हणाली, "म्हणजे तू माप न घेताच कापड कापलंस." आणि शिवायला घेतलेलं नवं कापड घडी करून कपाटात ठेवून दिलं. तिच्या चेहऱ्यावर जी लाज होती ती चौदा वर्षांतल्या लाजेसारखी नव्हती. त्या लाजेला मी हसत होते. या लाजेपुढे मला मान वर करता आली नाही.

सोमवारी फलक लागला. खाली माझं नाव होतं, त्यावर पांढऱ्या रंगाचा पट्टा मारलेला. शाळेतल्या एका मुलीने घंट्यांवर बोट ठेवून विचारलं, "या आत्ता टाकीत आहेत का?" साहेब खोकले. मागून मीच म्हटलं, "नाहीत. माझ्यामुळे मेल्या." वरच्या साहेबांनी वळून बघितलं. पुढे चौकशी झाली, मला शिक्षा झाली, पगारवाढ गेली आणि माझ्या प्रत्येक नोंदीवर साहेबांनी प्रतिसही करायची असं ठरलं. साहेबांना घंटी आणि साबणाचा फेस यातला फरक कळत नाही, पण ते रोज येतात, मायक्रोस्कोपला डोळा लावतात आणि "हं" म्हणून सही करतात.

काकांवरचा अहवाल फाडला. ते टाकीवर परत आले. शेजारच्या गावातून कॅन भरभरून गाळ आणला, त्यांनीच ओतला. आता आम्ही दोघंही रोज टाकीपाशी असायचो, पण खेळ बंद होता. ते मग ओढायचे, हुंगायचे आणि काही न बोलता पाणी परत टाकीत ओतायचे. मी काचेवर बघायचे आणि लिहायचे. आधी शेपटीवाले आले. मग मोकळे पळणारे जीव. तीन आठवडे गेले, चार गेले. चहा आपापला.

सहाव्या आठवड्यात एका सकाळी गाळाच्या तुकड्याला चिकटलेलं काहीतरी हललं. मी श्वास रोखून बघत राहिले. देठ आखडला, थांबला, आणि हळूच सरळ झाला. घंटी. एकच.

मी धावत बाहेर गेले. काका नुकतेच मग वर ओढत होते. मला काही सांगायचं नव्हतं, आधी त्यांच्याकडून ऐकायचं होतं. आधी नाक, मग डोळा. त्यांनी डोळे मिटले, मग नाकाशी धरला, खूप वेळ धरला.

"माती," ते म्हणाले. "मातीचा वास आहे."

माझे डोळे भरून आले. मी बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात त्यांनी मग माझ्यापुढे केला.

"आहे ना गं? तू हुंग बरं. नक्की आहे ना?"

अकरा वर्षांत त्यांनी मला कधी मग हुंगायला दिला नव्हता.